क्लच वर लागतो, खाली लागतो : पेडल सेट करायचं म्हणजे नेमकं काय करायचं

सप्टेंबरातला रविवार. कासला फुलं आलेली आणि समर्थ मंदिराकडून यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागलेली. दोन गाड्यांएवढं सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. अशा चढावर क्लच कुठे लागतो याचा हिशोब डावा पाय पंधरा मिनिटांत मांडून देतो. पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावर गाडी हलत असेल तर गुडघा अधांतरी राहतो आणि पोटरी भरून येते. उलट, पेडल तळातून जरा उचललं की गाडी उडी मारत असेल तर दर वेळी धक्का बसतो आणि पहिला गिअर टाकताना आवाज येतो.

मग गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकू येतं, "क्लच जरा सेट करून द्या." मेकॅनिक डॅशखाली डोकं घालतो, पेडलला जोडलेला दांडा (पुशरॉड) दोन फेरे फिरवतो आणि पाच मिनिटांत बाहेर येतो. त्या दोन फेऱ्यांनी काय बदललं आणि काय बदललं नाही, हे माहीत नसेल तर चांगली क्लच प्लेट एका मोसमात जळू शकते.

स्पोर्ट्स गाडी म्हटली की दोन दारांची परदेशी गाडीच हवी असं नाही. २०२३ पासून सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये मिळू लागलेली ह्युंदाई आय-२० एन लाइन, २०२४ ची टाटा अल्ट्रोझ रेसर, अबार्थ पुंटो किंवा कुणी जिवापाड जपलेली होंडा सिटी व्हीटेक, तत्त्व सगळीकडे एकच. आकडे मात्र ज्याच्या त्याच्या गाडीचे वेगळे. ते त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यायचे. खाली दिलेले आकडे अंदाज यावा म्हणून आहेत.

पायापासून प्लेटपर्यंत

इंजिनच्या मागच्या तोंडाला फ्लायव्हील, त्याला टेकून क्लच प्लेट आणि तिच्यावर प्रेशर प्लेट. प्रेशर प्लेटमध्ये डायफ्रॅम स्प्रिंग असते. उथळ ताटलीसारखी पोलादी चकती, मध्याकडे बोटांसारखे काप दिलेले. ही स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर सतत दाबून धरते. म्हणजे पाय पेडलवर नसतो तेव्हा क्लच लागलेला असतो आणि पाय दाबतो तो तो सोडवण्यासाठी. आपल्या बोलण्यात "क्लच सोडला" म्हणजे प्रत्यक्षात क्लच लागला. गोंधळाची सुरुवात इथूनच होते, म्हणून या लेखात "पेडल दाबलं" आणि "पेडल सोडलं" एवढंच म्हणू.

पेडल दाबलं की त्याला जोडलेला पुशरॉड मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलतो. तिथलं ऑइल (हे ब्रेक ऑइलच असतं) पाइपातून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातं. स्लेव्ह फोर्कला ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला, बेअरिंग त्या पोलादी बोटांना. बोटं आत गेली की प्रेशर प्लेट मागे सरते आणि क्लच प्लेट मोकळी होते. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत स्लेव्ह आणि बेअरिंग मिळून एकच गोल तुकडा गिअरबॉक्सच्या आत बसवलेला असतो. त्याला बाहेरून हात लावायची सोय नाही. गळायला लागला तर गिअरबॉक्स उतरवण्याशिवाय इलाज नाही.

आता मापं बघा. पेडल साधारण १३० ते १५० मिमी खाली जातं. त्या सगळ्या प्रवासाचं फळ म्हणून प्रेशर प्लेट जेमतेम दोनेक मिलिमीटर मागे सरते. जवळजवळ दीडशे मिलिमीटर पायाची हालचाल आणि दुसऱ्या टोकाला दोन मिलिमीटर. म्हणून वाटेत कुठेही थोडंसं हरवलं, म्हणजे पिनचं भोक झिजलं, ऑइलमध्ये हवा शिरली किंवा रबरी होज फुगला, की त्याचा फरक पायाला लगेच जाणवतो.

वरचं अंतर, खालचं अंतर

पेडलच्या प्रवासात दोन मोकळ्या जागा ठेवाव्या लागतात आणि सेटिंग म्हणजे या दोन जागांची वाटणी.

वरची जागा म्हणजे फ्री प्ले. पेडल बोटाने हलकेच दाबलं तर सुरुवातीला काहीच विरोध नसतो, मग थोडा विरोध लागतो, त्यानंतर खरं वजन येतं. पहिला अगदी मोकळा भाग म्हणजे पुशरॉड आणि पिस्टन यांच्यामधली फट. टोयोटाच्या वर्कशॉप पुस्तिकांत ही फट पेडलच्या टोकाशी मोजून १ ते ५ मिमी आणि एकूण फ्री प्ले ५ ते १५ मिमी असा दिलेला दिसतो. बाकीच्या हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचचे आकडेही याच आसपास फिरतात.

खालची जागा म्हणजे प्लेट पूर्ण मोकळी झाल्यावर पेडल तळाला टेकेपर्यंतचं उरलेलं अंतर. टोयोटा ते २५ मिमी किंवा जास्त मागते. ही जागा कमी पडली की प्लेट पुरती सुटत नाही, घासत राहते. रिव्हर्स टाकताना करकर येते, पहिला गिअर अडतो आणि गिअर बिनआवाज जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगा झिजतात.

पुशरॉड लांब केला की वरची जागा कमी होते, खालची वाढते आणि क्लच वर लागतो. आखूड केला की याच्या उलट. पुशरॉडच्या हातात एवढंच आहे. त्याने प्लेटची पकड वाढत नाही, पेडल हलकं होत नाही, घसरणारा क्लच धरत नाही. "सेट करून घेतला की स्लिप जाईल" ही समजूत बहुतेक वेळा चुकीची ठरते. अपवाद एकच, आधी कुणीतरी सेटिंग बिघडवून ठेवलेलं असेल तर. आणि तो अपवाद घाटाच्या मुलखात पुष्कळ भेटतो.

वाईत ठीक, पाचगणीत घसरतो

मास्टर सिलिंडरच्या नळीत ऑइलच्या टाकीकडून उतरणारं एक बारीक छिद्र असतं. पेडल पूर्ण वर असताना पिस्टनचं रबर या छिद्राच्या मागे राहतं आणि पाइपातलं ऑइल टाकीशी मोकळं जोडलेलं असतं. पेडल दाबलं की रबर छिद्र ओलांडून पुढे जातं, वाट बंद होते आणि दाब तयार होतो. काही सिलिंडरांत छिद्राच्या जागी छोटा व्हॉल्व्ह असतो, काम तेच.

कुणाला क्लच वर लागलेला आवडतो, कुणाला फ्री प्लेचा तो ढिलेपणा खटकतो, म्हणून पुशरॉड इतका लांब करतात की वरची फट शून्य होते. आता पेडल पूर्ण वर असतानाही रबर छिद्राच्या पुढेच अडकलेलं. टाकीकडे जायची वाट कायमची बंद. थंड गाडीत काहीच कळत नाही, उलट पेडल मस्त टणक लागतं.

पसरणीचा घाट चढायला लागलात की गिअरबॉक्स तापतो, टर्बोजवळून जाणारा पाइप तापतो, आतलं ऑइल फुगतं. फुगलेल्या ऑइलला टाकीत परतायची वाट नाही, म्हणून ते स्लेव्हचा पिस्टन ढकलतं. म्हणजे पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग बोटं दाबायला लागतं. स्प्रिंगची पकड कमी होते, प्लेट घसरते, घसरण्याने आणखी उष्णता, उष्णतेने ऑइल आणखी फुगतं. वाईतून निघताना ठणठणीत असलेली गाडी पाचगणी यायच्या आत चौथ्या गिअरमध्ये नुसते आरपीएम वाढवते, वेग वाढत नाही, आणि जळका वास केबिनमध्ये येतो. वर चहाला अर्धा तास थांबलात की क्लच पुन्हा धरतो. खाली गॅरेजमध्ये आणेपर्यंत सगळं शहाण्यासारखं. मेकॅनिकला दोष सापडत नाही आणि प्लेट बदलायचा सल्ला मिळतो. नवी प्लेटही मग त्याच वाटेने जाते.

ओळखायची खूण सोपी आहे. क्लच घसरत असतानाच गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, स्लेव्हचा ब्लीड निपल (ऑइलमधली हवा काढायचा स्क्रू) जपून पाव फेरा ढिला करून लगेच आवळा. ऑइल तापलेलं असतं आणि जोरात उडू शकतं, त्यामुळे हातमोजा आणि कापड हवंच. आसपासचं काही भाजण्याइतकं गरम असेल तर हा उद्योग सोडून द्या. दाबाने चमचाभर ऑइल बाहेर आलं आणि त्यानंतर क्लच लगेच धरायला लागला तर प्लेट निर्दोष आहे. दाब अडकला होता. कारण बहुधा फ्री प्ले नसणं, क्वचित आतून सुजून बंद झालेला रबरी होज.

आणखी एक बारकावा. ब्रेकची पॅडं झिजली की ब्रेकच्या टाकीतलं ऑइल खाली जातं. क्लचमध्ये उलटं होतं. प्लेट झिजते तशी डायफ्रॅमची बोटं बेअरिंगकडे सरकतात, स्लेव्हचा पिस्टन मागे ढकलला जातो आणि ऑइल टाकीत परत येतं. म्हणजे हायड्रॉलिक क्लच आपल्या झिजेची बेरीज-वजाबाकी स्वतःच करतो, पण वर सांगितलेलं छिद्र उघडं असेल तरच. म्हणूनच निरोगी हायड्रॉलिक क्लचला दर सर्व्हिसला सेटिंग लागत नाही. आणि क्लचची टाकी वेगळी असून तिच्यातली पातळी उतरत असेल तर ती झीज नव्हे, गळती.

केबलवाल्या जुन्या गाड्यांचं गणित वेगळं. तिथे प्लेट झिजली की फ्री प्ले कमी होत जातो आणि क्लच वर लागायला लागतो. केबल ताणली की फ्री प्ले वाढतो आणि क्लच खाली लागतो. पहिल्या प्रकारात नट ढिला करायचा, दुसऱ्यात आवळायचा. फ्री प्ले साधारण १५ ते २५ मिमी. घाईत उलट फिरवलं तर बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि कुईं कुईं करत संपतं.

पाना हातात घेण्याआधी

चांगला चालणारा क्लच अचानक खाली लागायला लागला तर पुशरॉडला हात लावू नका. सेटिंग आपोआप बदलत नाही, काहीतरी बिघडलेलं असतं. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर क्लच वर येत असेल तर ऑइलमध्ये हवा आहे किंवा मास्टरचं रबर गेलंय. पेडल दाबून धरल्यावर गाडी हळूहळू पुढे सरकायला लागली तर दाब आतल्या आत निसटतोय. पेडलच्या मुळाशी, पुशरॉड जिथे इंजिनकडच्या पत्र्याच्या भिंतीत शिरतो तिथल्या रबरी टोपीखाली बोट फिरवा, चटईची ती कड ओली आहे का बघा. ओल म्हणजे मास्टर गळतोय. स्लेव्हची रबरी टोपी उचलून तिथेही तेच. असा क्लच पुशरॉड लांब करून वर आणता येतो, पण ती उसनवारी. काही आठवड्यांत पेडल जमिनीला चिकटेल आणि तेही भर चौकात.

ऑइलचा रंग बघा. चहासारखं तपकिरी किंवा काळं झालं असेल तर आधी बदला आणि हवा काढा, मग माप घ्या. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. कोयनेच्या, महाबळेश्वरच्या पावसात फिरणारी गाडी दर दोन वर्षांनी ऑइल मागते असं समजा. सांगलीत २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी असलेली गाडी सेकंडहँड घेतली असेल तर ऑइलबरोबर स्लेव्ह, रिलीज बेअरिंग आणि पेडलचे बुशही तपासा. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं, तेव्हा पाणी आणि कापड जवळ असू द्या.

पुशरॉड पेडलला ज्या पिनेने जोडलेला असतो ते भोकही बघून घ्या. जुन्या गाड्यांत ते लांबट झालेलं असतं. पेडल दाबताना दुसऱ्याला बॉनेटखाली मास्टर सिलिंडरकडे बघायला सांगा. जड स्प्रिंगची मॉडिफाइड प्रेशर प्लेट टाकलेल्या गाड्यांत सिलिंडरसकट मागचा पत्राच लवताना दिसतो. तसं असेल तर पत्र्याला मजबुती द्यायची, पुशरॉड फिरवत बसायचं नाही.

शेवटचं म्हणजे सेटिंगची सोय तुमच्या गाडीत आहे का? काही गाड्यांत, विशेषतः युरोपीय बनावटीच्या, पुशरॉड प्लॅस्टिकच्या खोबणीत खटकन बसवलेला असतो, त्याला आटे नसतात. तिथे फिरवण्यासारखं काही नाही.

प्रत्यक्ष काम

गाडी सपाट जागी उभी करा (साताऱ्यात अशी जागा शोधावी लागते हे मान्य), चाकांना दगड लावा, चटई काढा, सीट पूर्ण मागे सरकवा. लागणारं सामान थोडंच. १० ते १४ नंबरचे फिक्स पाने, स्टीलची फूटपट्टी, टॉर्च आणि नेलपॉलिश. नेलपॉलिश यासाठी की पुशरॉड, तो फिरू नये म्हणून आवळलेला चेकनट आणि यू आकाराची कडी या तिघांवरून एक रेघ मारून ठेवली की बिघडलं तरी मूळ जागी परत येता येतं.

आधी मोजा आणि कागदावर लिहा. पत्र्यापासून पेडलची उंची, फ्री प्ले आणि क्लच लागण्याची जागा. तिसऱ्या मापाला दोन माणसं लागतात. हँडब्रेक घट्ट, गाडीच्या पुढेमागे कुणी नाही, इंजिन चालू, पहिला गिअर. एकाने पेडल अगदी हळू सोडायचं आणि इंजिनचा आवाज जड झाला की पाय तिथेच रोखायचा, दुसऱ्याने बाजूच्या उघड्या दारातून फूटपट्टी लावायची. तीनदा मोजून सरासरी घ्या.

क्रम महत्त्वाचा. सुरुवात पेडलच्या उंचीपासून, कारण ती बदलली की फ्री प्लेही बदलतो. उंची ठरवणारा बोल्ट पेडलच्या वरच्या बाजूला असतो. काही गाड्यांत बोल्टऐवजी तिथला स्विचच पेडलला अडवतो. उंची बरोबर असेल तर त्याला हात लावू नका. पुढची पाळी पुशरॉडची. कडीमागचा चेकनट, बहुतेक जपानी गाड्यांत १२ नंबरचा, ढिला करा आणि पुशरॉड बोटांनी फिरवा. पक्कड लावायचीच वेळ आली तर आट्यांवर नको आणि सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या गुळगुळीत भागावर तर मुळीच नको. तिथला ओरखडा पुढे गळती होऊन समोर येतो.

किती फिरवायचा? ८ मिमीच्या पुशरॉडवर सहसा १.२५ मिमीचे आटे असतात, म्हणजे पूर्ण फेऱ्याला पुशरॉड सव्वा मिलिमीटर सरकतो. पेडलचं गुणोत्तर (पुशरॉडच्या किती पट पाय हलतो) पाच ते सहा धरलं तर पायाशी तो फरक सहा-सात मिलिमीटरचा. म्हणून एका वेळी अर्धा फेरा, मग पुन्हा माप. दोन-तीन फेऱ्यांपेक्षा जास्त फिरवावं लागत असेल तर दोष दुसरीकडे आहे.

चेकनट आवळताना पुशरॉड बरोबर फिरतो आणि केलेलं माप जातं. दुसऱ्या पान्याने पुशरॉड धरून ठेवा आणि नट बेताने आवळा. मग फ्री प्ले पुन्हा बोटाने बघा, कारण इथेच चूक होते.

आता छिद्राची परीक्षा. टाकीचं झाकण उघडा, तोंडावर कापड सैलसर धरा आणि दुसऱ्याला पेडल हळूहळू थोडं दाबून सोडायला सांगा. ऑइलच्या पृष्ठभागावर बारीकशी उसळी किंवा भोवरा दिसला तर वाट मोकळी आहे. काहीच हालचाल नसेल तर पुशरॉड अजून लांब आहे, अर्धा फेरा मागे घ्या.

इंजिन चालू करून पेडल पूर्ण दाबा, दहा आकडे मोजा, रिव्हर्स टाका. आवाज न येता पडला पाहिजे. मग सपाट मोकळ्या रस्त्यावर ४०-५० च्या वेगाने वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम आणि वेग हातात हात घालून वाढायला हवेत. एवढं जमलं की गाडी घाटात नेऊन चांगली तापवा आणि वर पोचल्यावर फ्री प्ले पुन्हा एकदा मोजा. थंड गाडीतलं माप हे अर्धंच माप.

स्टार्टरचा स्विच लोक विसरतात. पेडल तळाजवळ गेल्याशिवाय स्टार्टर फिरू नये यासाठी पेडलखाली तो असतो. पेडलची उंची बदलली की त्याचीही जागा बदलावी लागते. क्लच पूर्ण सुटण्याआधीच स्टार्टर फिरत असेल तर गिअरमध्ये उभी गाडी पुढे उसळेल.

तळाचा अडसर

वेगाने गिअर बदलणाऱ्यांना पेडलचा तळाकडचा फुकटचा प्रवास नको असतो. त्यासाठी पुशरॉड लांब करणं हा चुकीचा उपाय, तळाशी अडसर बसवणं हा बरोबर. पेडल जिथे पत्र्याला टेकतं तिथे रबरी टोपीचा बोल्ट असा लावायचा की क्लच पूर्ण सुटल्यानंतर १० ते १५ मिमी जाऊन पेडल थांबेल. कंपनी २५ मागते तिथे आपण हे कमी करतोय याचं भान ठेवावं, कारण गाडी तापल्यावर सुटण्याची जागा किंचित खाली येते आणि तेव्हा हीच शिल्लक कामाला येते. अडसराचा दुसरा फायदा असा की जोरात लाथ मारल्यासारखं पेडल दाबणाऱ्यांच्या पायाखाली डायफ्रॅमची बोटं गरजेपेक्षा जास्त वाकत नाहीत. अडसर बसवल्यावर स्टार्टरचा स्विच पुन्हा तपासा, नाहीतर सकाळी गाडी चालूच होणार नाही आणि दोष बॅटरीवर जाईल.

सिरॅमिक किंवा पाकळ्यांची प्लेट टाकलेली असेल तर पुशरॉड कितीही फिरवा, ती टप्पकन लागणारच. तिचा स्वभावच तसा, अर्ध्या क्लचवर चालवायला ती बनलेली नाही. अशी गाडी घेऊन फुलांच्या मोसमात रविवारी कासला जाऊ नये. मंगळवारी पहाटे निघावं.